-एन नावाची फाईल

मागच्या शुक्रवारी अर्धा दिवस एका डॅशने खाल्ला. एक जुनी शेल स्क्रिप्ट (ओळीने कमांड चालवणारी फाईल) आहे, माझीच, रोज रात्री रिपोर्टच्या फायली गिटमध्ये, म्हणजे फायलींच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून सर्व्हरवर पुश करते. तीन दिवस काहीच जात नव्हतं, आणि लॉग उघडावा तर सगळं छान, ॲड अमुक, ॲड तमुक अशा ओळी आणि शेवटी पुश म्हणतंय एव्हरीथिंग अप-टू-डेट. परमिशन बघितल्या, डिस्क बघितली, ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या क्रॉनला शिव्या घालून झाल्या.

मग फायलींची यादी बघायला एलएस मारलं तर फोल्डरात -एन नावाची फाईल! कुणीतरी (बहुतेक मीच) सॉर्ट -एन चालवताना आउटपुट फाईलमध्ये वळवणारा रिडायरेक्टचा बाण (>) एक शब्द आधी टाकला होता, म्हणून -एन हेच फाईलचं नाव झालं. आणि स्क्रिप्टमध्ये होतं गिट ॲड *, म्हणजे सगळ्या फायली घे. आता तो तारा गिटपर्यंत पोचतच नाही, शेल आधीच त्याच्या जागी सगळ्या फायलींची नावं भरून मोकळं होतं, आणि त्या रांगेत -एन कुठेही दिसलं की गिट ते फाईल नाही तर ऑप्शन (कमांडने कसं वागायचं ते सांगणारी खूण) म्हणून उचलतं, म्हणजे ड्राय रन, काय ॲड केलं असतं ते सांगायचं आणि करायचं काहीच नाही. खरं तर गिट ॲड एरवी तोंडातून शब्द काढत नाही, त्या ओळींवरूनच संशय यायला हवा होता राव.

फाईल उडवायला गेलो तर आरएम पण तसलंच, असला ऑप्शन नाही म्हणे. आरएम ./-एन केलं, म्हणजे सुरुवातीला डॅश राहिला नाही, तेव्हा गेली. स्क्रिप्टमध्ये ताऱ्याच्या आधी -- टाकलं, की इथून पुढे फायलीच.

म्हटलं हात घातलाच आहे तर बाकीचंही बघू. एका जागी ब्रांचचं (कामाच्या वेगळ्या फांदीचं) नाव बाहेरून घेऊन जुन्या नोंदी दाखवणाऱ्या गिट लॉगला देतो, तिथे मात्र -- चालत नाही, कारण गिटमध्ये त्याला आधीच दुसरं काम लावलंय, अलीकडे ब्रांच किंवा कमिट (गिटमधली एक नोंद) आणि पलीकडे फायली, त्यामुळे ब्रांच पलीकडे लिहिली की ते त्या नावाची फाईल शोधत बसतं. म्हणून २०१९ मध्ये गिट २.२४ ने वेगळं --एंड-ऑफ-ऑप्शन्स आणलं. नाव मारुतीच्या शेपटाएवढं, पण ते नसेल तर कुणी ब्रांचऐवजी --आउटपुट=अमुक पाठवलं की गिट लॉग त्या फाईलवर खुशाल लिहून टाकतं.

आणि हे फक्त माझ्यासारख्यांचंच होतं असं नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये गिट आणि त्याच्यासारखीच मर्क्युरियल, सबव्हर्जन अशा तिघांचाही पाय इथेच घसरला होता, एसएसएचच्या (दुसऱ्या मशीनला जोडून देणाऱ्या प्रोग्रामच्या) यूआरएलमध्ये होस्टच्या जागी -ओप्रॉक्सीकमांड वालं काहीतरी घुसवलं की एसएसएचला तो ऑप्शन वाटायचा आणि क्लोन करणाऱ्याच्याच (तिथून कॉपी उतरवणाऱ्याच्याच) मशीनवर कमांड चालायची. गिटवाल्यांनी डॅशने सुरू होणारा होस्ट घ्यायचंच बंद केलं.

माझं अजून एक उरलंय, कमिट फेल झाली तरी स्क्रिप्ट पुढे पळायची. सेट -ई (काही फेल झालं की थांब) टाकलं, तर ज्या रात्री काही बदल नसतो त्या रात्री कमिट १, म्हणजे फेल, असं उत्तर परत करते आणि स्क्रिप्ट तिथेच मरते, त्यामुळे ॲड केलेलं काही आहे का हे आधी गिट डिफ --कॅश्ड --क्वाएट ने बघावं लागणार. सोमवारी बघतो.