नीळ घातलेली चांदणी

माझ्या लग्नाचा मुहूर्त दुपारी १२ वाजून ४० मिनिटांचा होता. सप्तपदी झाली आणि गुरुजींनी आम्हाला मान वर करायला सांगितली. "ती बघा अरुंधती. दिसली का?" वर कार्यालयाचे पत्रे आणि घरघरणारा पंखा. "दिसली," आम्ही दोघं एका सुरात म्हणालो. मागे करवली फिस्सकन हसली.

लग्न मार्गशीर्षातलं. पत्रे काढून रात्रीची वाट बघत बसलो असतो तरी फरक पडला नसता, कारण त्या दिवसांत सप्तर्षी आपल्याकडे ईशान्येला पुरते वर यायलाच मध्यरात्र होते. म्हणजे संसाराची पहिली गोष्ट आम्ही एकमताने खोटी सांगितली. पुढे एवढं एकमत क्वचितच झालं.

गेल्या वैशाखात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आधी एकच डोळा केला. पट्टी निघाल्यावर दोनतीन दिवस ती नुसती डोळे मिटून-उघडून बघत होती. एकदा हा, एकदा तो. दोरीवर वाळत घातलेल्या चादरीकडे बघून म्हणाली, "या जुन्या डोळ्यानं बघितलं तर चहा सांडल्यासारखी दिसते. नव्या डोळ्यानं बघितलं तर नीळ घातल्यासारखी." तिचं बरोबर होतं. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि निळा उजेड अडवून धरतं. आपल्याला ते कळतही नाही, कारण सगळं जगच सावकाश पिवळं होत असतं.

चौथ्या दिवशी तिने फर्मान काढलं, "रात्री मला गच्चीवर ने. अरुंधती बघायचीय." ज्याला अरुंधती दिसत नाही त्याचे दिवस भरले, अशी जुनी समजूत. गेली सहासात वर्षं तिला ती दिसत नव्हती, हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. मला त्याच रात्री कळलं.

गाव वाईच्या जवळ, त्यामुळे आकाश अजून बऱ्यापैकी काळं असतं. वैशाखात रात्री नऊदहाच्या सुमाराला सप्तर्षी उत्तरेला चांगले उंच असतात. माझी आजी त्यांना बाजलं म्हणायची. चार ताऱ्यांची खाट, आणि म्हातारीची ती खाट पळवणारे तीन चोर. पुढे शाळेत कळलं की मधला चोर म्हणजे साक्षात वसिष्ठ. अरुंधती त्याच्या खांद्याशी, जेमतेम दिसेल न दिसेल अशी. पूर्ण चंद्राच्या थाळीच्या निम्म्याहून कमी अंतर दोघांत. म्हणून तर आधी ठळक तारा दाखवायचा आणि मग म्हणायचं, ती नव्हे, तिच्या शेजारची बारीक बघ. वेदान्ती मंडळींनी यालाच अरुंधतीदर्शन न्याय असं भारदस्त नाव दिलंय.

आता ही बारीक किती बारीक? पाश्चात्य खगोलात हिला अल्कोर म्हणतात, वसिष्ठाला मिझार. अल्कोरची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, चार. हा आकडा जितका मोठा तितका तारा फिका. नुसत्या डोळ्यांना काळोखात साधारण सहाव्या प्रतीपर्यंतचं दिसतं, पण शहरात चौथीचीच मारामार. अंतर ८२ प्रकाशवर्षं. आई यंदा ८२ची. तिच्या जन्माच्या सुमाराला तिकडून निघालेला उजेड आता पोचतोय, हे तिला सांगितलं तर म्हणाली, "मग बरोबरीचीच की माझ्या."

बरोबरीची कसली! अरुंधतीचं वय सुमारे ५० कोटी वर्षं, म्हणजे ४६० कोटी वर्षांच्या सूर्यापुढे कालची पोर. वजनाला सूर्याच्या पावणेदोनपट, आणि तेजाला जवळजवळ चौदापट. आपला सूर्य उचलून तिच्या शेजारी नेऊन ठेवला तर इथून नुसत्या डोळ्यांना तो दिसणारच नाही. लग्नात 'बारीक' म्हणून जिची ओळख करून देतात, तिच्यापुढे आपलं हे झळझळीत प्रकरण पार मावळेल.

तिचा पृष्ठभाग ८,००० केल्विनच्या आसपास, सूर्याचा ५,८००. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं. तोच हिशोब पुढे नेला की पांढऱ्यात निळसर झाक उतरते. शास्त्रज्ञ ताऱ्यांचे तापमानानुसार वर्ग पाडतात, त्यात हिला 'ए' वर्गात घालतात. वर ती स्वतःभोवती अशी गरगरते की विषुववृत्तावरचा वेग सेकंदाला २०० किलोमीटरच्या वर जातो. सूर्याचा दोनच. त्या फिरण्याने तिच्या वर्णपटातल्या, म्हणजे उजेड फोडून मिळणाऱ्या रंगांच्या पट्ट्यातल्या, रेषा फिसकटून रुंद होतात, आणि वेग कळतो तो त्या फिसकटण्यावरूनच.

मोबाइलवर अधूनमधून एक निरोप फिरत येतो. बाकीच्या जोडताऱ्यांत एक तारा दुसऱ्याभोवती फिरतो, पण वसिष्ठ-अरुंधती एकमेकांभोवती फिरतात, आणि आपल्या ऋषींना हे ठाऊक होतं, म्हणून नवरा-बायकोला ते दाखवतात. ऐकायला गोड आहे. पण कुठल्याही जोडीतले दोन्ही तारे एकमेकांभोवतीच फिरतात, त्यात या दोघांचं विशेष काही नाही. शिवाय ही दोघं एकमेकांना खरंच बांधलेली आहेत का, हेसुद्धा पक्कं म्हणता येत नाही. दोघांत साधारण एका प्रकाशवर्षाचं अंतर आहे, आणि बांधलेली असलीच तर एका फेरीला लाखो वर्षं लागतील. कुठल्या ऋषीने ती मोजली असेल?

खरी गंमत वेगळीच आहे. वसिष्ठ एकटा नाही. दुर्बिणीतून तो दोन दिसतो, आणि १८८९मध्ये अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ पिकरिंग यांनी वर्णपटावरून दाखवलं की त्यातला मोठाही जोडीचाच आहे. पुढे धाकटाही तसाच निघाला. म्हणजे वसिष्ठ एकूण चार. आणि २००९ साली अरुंधतीला चिकटून असलेला एक लहानसा तांबडा तारा सापडला. सहाजणांचं एकत्र कुटुंब! गुरुजींनी हे सगळं सांगायचं ठरवलं तर जेवणाच्या पंगती खोळंबतील.

त्या रात्री आई खुर्चीत मान मागे टाकून बसली. जुन्या डोळ्यावर तळहात धरला. बराच वेळ काही बोलली नाही. खाली कोणीतरी मोटरसायकल सुरू केली, कुत्रं भुंकलं.

"वसिष्ठ बघ कसा," ती म्हणाली. "बाबांच्या धोतराला नीळ घालायचे मी, तस्सा."

"आणि अरुंधती?"

"आहे की. तिथंच आहे."

खरं तर इतक्या फिकट ताऱ्याचा रंग नुसत्या डोळ्यांना कळत नाही, तेवढ्या अंधुक उजेडात डोळ्यातल्या रंगाच्या पेशी नीट काम करत नाहीत. म्हणून तिने अरुंधतीचा रंग सांगितला नाही, याचं मला बरं वाटलं. मी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. खाट दिसली, तीन चोर दिसले. मधल्या चोराशेजारी एक काहीतरी होतं, किंवा मला हवं होतं म्हणून होतं.

"दिसली का गं?" आईने विचारलं.

"हो, दिसली."

"कुठली दिसत्येय? तू त्या टोकाच्या चोराकडे बघत्येस."