टेकलेली गाडी, टांगलेली गाडी

ती वॅगन आत वळली तेव्हाच मागच्या बाजूचा आवाज कानावर आला. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की घुमायचा, दिला की बदलायचा. जुनी फोर-बाय-फोर, चारही चाकांना पाटे (पोलादी पट्ट्यांचे स्प्रिंग), पुढे-मागे अखंड ॲक्सल, आणि नंतर कुणीतरी 100 मिलिमीटरने उचललेली, म्हणजे कायमची उंच केलेली. रंग पार उडालेला, पण दार नुसतं लोटलं की खट्कन बसत होतं. इतकी वर्षं ज्याने दारं अशी राखली, त्याच्या गाडीला हात लावताना मला बरं वाटतं.

मालक उतरले आणि थकल्यासारखे म्हणाले, "मिस्त्री, सहा महिन्यांत मागच्या शाफ्टचे क्रॉस दोनदा बदलले. पिनियनचं सीलही दोनदा. तरी साठच्या पुढे गेलं की सीट थरथरते. आता जो तो म्हणतोय, ॲक्सलच बदला."

शाफ्ट म्हणजे इंजिनाची फिरकी मागच्या ॲक्सलपर्यंत नेणारा लांब दांडा, क्रॉस म्हणजे त्याच्या दोन्ही टोकांचे वाकते सांधे. पिनियन म्हणजे ॲक्सलमध्ये ती फिरकी घेणारं दातेरी चाक, आणि सील त्याच्याजवळून तेल गळू देत नाही.

"थरथर उचलल्यावर सुरू झाली की आधीपासून होती?"

"उचलल्यावर लगेच. मला वाटलं, टायर मोठे घातलेत म्हणून असेल."

आधी गाडी चालवून बघितली. थरथर टायरची की शाफ्टची, हे हाताला कळतं आणि हिशेबानेही कळतं. या गाडीचं चाक एका फेरीत साधारण 2.4 मीटर जातं, म्हणजे ताशी 70 ला सेकंदाला आठ फेऱ्या. टायरचा तोल गेला असेल तर सेकंदाला आठ धक्के बसतात, स्टिअरिंग किंवा सीट सावकाश हलल्यासारखी वाटते. शाफ्ट मात्र चाकाच्या चौपट फिरतो, बत्तीस फेऱ्या. आणि क्रॉसचा कोन चुकला की एका फेरीत दोन हेलकावे, म्हणजे चौसष्ट. ती थरथर राहत नाही, गुणगुण होते. माझ्या पायाखाली गुणगुणच होती. टायरचा काही दोष नव्हता.

गाडी आत घेतली. पोरगा सवयीने चेसी (गाडीचा सांगाडा) धरून उचलायला निघाला, त्याला थांबवलं. चेसी धरून उचललं की ॲक्सल खाली लोंबतो आणि शाफ्टचा कोन रस्त्यावरच्या कोनासारखा राहत नाही. अशा गाडीचं माप घ्यायचं तर घोड्या, म्हणजे आधाराचे स्टँड, ॲक्सलच्या नळ्यांखाली लावायच्या, म्हणजे पाटे वजन घेऊन बसलेले राहतात. आधीच्या दोन्ही वेळी क्रॉस बदलताना गाडी टांगलेलीच असणार, कारण क्रॉस बदलायला तेवढं पुरतं. कोन कुणी बघितलाच नसावा, याचं मला मनापासून वाईट वाटलं. दोन वेळा पैसे गेले आणि दोष जागच्या जागी राहिला.

कोनमापी लावला. ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी, तिच्यातून निघणारा शाफ्ट मागे 4 अंश उतरता. प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे तो मागचा लांब शाफ्ट, 14 अंश उतरता. आता पिनियनचं नाक, म्हणजे त्याचं पुढचं टोक, ट्रान्सफर केसकडे 4 अंश वर हवं, म्हणजे दोन्ही टोकांना 10-10 अंशांचा कोन होतो. साध्या क्रॉसच्या शाफ्टचं गणितच असं आहे. क्रॉस वाकून फिरताना पुढचा वेग एका फेरीत दोनदा कमी-जास्त होतो. 10 अंशांना दीड टक्का मागेपुढे. पहिल्या क्रॉसने केलेली ही गडबड दुसरा क्रॉस उलटी करून मिटवतो, पण दोन्ही कोन सारखे असतील तरच.

इथे पिनियनचं नाक चक्क 2 अंश खाली होतं. म्हणजे पुढे 10 अंश आणि मागे 16. सोळा अंशांना वेग चार टक्के मागेपुढे होतो. त्यातलं पुढच्या क्रॉसने थोडंसं मिटवलं, बाकी सगळं पिनियनच्या बेअरिंगवर आणि सीलवर आदळत होतं, सेकंदाला चौसष्ट वेळा.

मी पुन्हा मोजलं. मग पोराला मोजायला लावलं. त्यालाही तेच आलं.

शाफ्ट उतरवला. आधी स्प्लाइनवरच्या, म्हणजे शाफ्टला लांब-आखूड होऊ देणाऱ्या खाचांवरच्या, खुणा बघितल्या, कारण शाफ्टचे दोन्ही योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत नसतील तर कोन बरोबर असूनही थरथर जात नाही. योक एका रेषेत होते. उचललेल्या गाडीत शाफ्ट बाहेर ओढला जातो, स्प्लाइन आत किती उरली तेही बघावं लागतं. ती पुरेशी होती. मग मागच्या क्रॉसचा कप काढला. ग्रीस नव्हतंच, आत लालसर भुकटी. बोटाने पुसली तेव्हा क्रॉसच्या दांड्यावर सुईबेअरिंगचे ओरखडे दिसले, बारीक, समांतर, नखाला लागतील इतके खोल. दोन महिन्यांपूर्वी बसवलेला नवा क्रॉस. पुढचा क्रॉस मात्र अजून ग्रीसने ओला होता. दोघांचं वय एकच.

मग पाट्यांकडे गेलो. गाडी उचलल्यावर पिनियनचं नाक जेवढं झुकतं तेवढं वर आणायला पाट्याखाली पाचर घालतात. इथे 3 अंशांची पाचर होती, दोन्ही बाजूंना, नीट सेंटर बोल्टमध्ये अडकवलेली. फक्त जाड बाजू जिकडे हवी त्याच्या उलट. जी पाचर नाक तीन अंश वर घेणार होती, तिनेच ते तीन अंश खाली ढकललं होतं. फरक सहा अंशांचा. चार वजा सहा, वजा दोन. मापाशी गणित जुळलं तेव्हा मालकांना खाली बोलावून टॉर्चच्या उजेडात दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. "म्हणजे ॲक्सल चांगला आहे?" त्यांनी विचारलं. क्राऊन-पिनियनचं बॅकलॅश, म्हणजे ॲक्सलमधल्या दातेरी चाकांच्या जोडीतली ढील, तपासलं होतं, चाकाच्या बेअरिंगला प्ले (ढिलेपणा) नव्हता. ॲक्सल चांगला होता.

इथे काम संपलं असतं. पण उचललेली गाडी एकदा टेकवून बघितली की एकदा टांगूनही बघायची, हा माझा शिरस्ता आहे. टेकलेली असताना कोन कळतात. टांगल्यावर कळतं, काय कमी पडतंय. म्हणून आता चेसी धरून उचलली आणि जॅकने ॲक्सल हळूहळू खाली सोडला.

ॲक्सल अजून पूर्ण लोंबलाही नव्हता, तोवर चेसीवरून मागच्या ॲक्सलला येणारा ब्रेकचा रबरी होज (नळी) तारेसारखा ताठ झाला. जॅक तिथेच थांबवला. होजच्या वरच्या टोकाशी, जिथे धातूची टोपी दाबलेली असते, तिथे बाहेरचं रबर गोल फाटलं होतं आणि आतल्या धाग्यांची वीण दिसत होती. मोठ्या खड्ड्यात मागची चाकं लोंबली की प्रत्येक वेळी ॲक्सलची ओढ या होजवर येत होती. माझ्या पोटात गोळा आला. थरथरीसाठी आलेली गाडी होती, आणि ती मागच्या ब्रेकविना राहण्याच्या बेतात होती.

मालक म्हणाले, "आज घेऊन जातो, होज मिळाला की येतो." मी चावी खिशात घातली. "नाही साहेब. या होजवर गाडी बाहेर जाणार नाही." त्यांनी वाद घातला नाही.

ॲक्सल पूर्ण लोंबवून सुतळीने होजची वाट मोजली, वर थोडी ढील धरली, आणि त्या मापाचा, तशाच टोकांचा लांब होज मागवला. तो येईपर्यंत ब्रीदरचा पाइप बघितला. तोही उचलल्यामुळे ताणून निसटला होता आणि ब्रीदरच्या तोंडात चिखल वाळून दगड झाला होता. ॲक्सल तापला की आतल्या हवेला जायला वाट नाही, मग ती तेल सीलमधून बाहेर ढकलते. सील दोनदा का गेलं, याचं उरलेलं उत्तर इथे होतं. ब्रीदर साफ केला, लांब पाइप टाकून वर चेसीला बांधला. मागच्या ब्रेकचा दाब गाडीच्या भाराप्रमाणे ठरवणारा व्हॉल्व्हही होता. त्याची दांडी जुन्याच मापाची, त्यामुळे उंच झालेली गाडी त्याला कायम रिकामीच वाटायची आणि तो मागचा दाब कमी ठेवायचा. ती दांडीही जुळवली.

पाचर फिरवली, यू-बोल्ट नवीन घातले. गाडी चाकांवर टेकवून, वजन पाट्यांवर घेऊनच नट आवळले, तिरके तिरके, टॉर्क रेंचने. क्रॉस नवीन, सील नवीन, होज नवीन, ब्रेकची हवा काढली. कोन पुन्हा मोजले: 10 आणि 10.

संध्याकाळी मालकच चालवत होते, मी शेजारी. साठ. सत्तर. ऐंशी. मी सीटच्या चौकटीला हात लावून बसलो होतो. ते काही बोलले नाहीत, फक्त ॲक्सिलरेटर सोडला, पुन्हा दिला, पुन्हा सोडला. गुणगुण नव्हती.

यू-बोल्ट नवे असले की पाटे आणि पाचर थोडी बसतात, म्हणून काहीशे किलोमीटरनंतर परत यायला सांगितलं होतं. ते आले. आठही नटांनी थोडी थोडी चाल घेतली. खाली वाकून पिनियनच्या सीलवर टॉर्च धरला. कडेने कोरडी धूळ बसली होती.