कॅनोपीतले पाणी पुढच्या कोपऱ्यात का साचत होते, ते अखेर कळले

माझ्या यूटच्या (मागे उघडा ट्रे असलेल्या गाडीच्या) ट्रेवर कॅनोपी, म्हणजे सामानाची ॲल्युमिनियमची बंद पेटी, बसवलेली आहे. तिच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यात धुतल्यावर साचणाऱ्या पाण्याचे कारण या आठवड्यात सापडले, म्हणून ड्रॉवरच्या कुलपांविषयीची ठरलेली नोंद मागे ठेवून आधी हे लिहीत आहे.

क्वीन्सलंडच्या आतल्या भागातल्या रुबीव्हेल आणि क्लेरमाँटकडून ब्रिस्बेनला परतलो, तेव्हा आतला तळ बारीक धुळीने माखला होता. धावत्या यूटच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि दाराच्या फटींतून धूळ आत ओढली जाते. नवे पोकळ रबरी सील लावल्यापासून ती पुष्कळ घटली असली, तरी कच्च्या रस्त्यावर पूर्ण थांबत नाही. ही धूळ आधी कोरडीच काढावी, या मतावर मी ठाम आहे, कारण पाणी अगोदर मारले तर तिचा चिखल होऊन नेमका निचऱ्याच्या भोकांत जाऊन बसतो. तळाच्या चेकर प्लेटच्या (उठावदार पत्र्याच्या) नक्षीतली धूळ सोडवायला रंगकामाच्या दोन इंची ब्रशाइतके चांगले साधन मला अजून मिळालेले नाही. तो एका हातात आणि व्हॅक्यूमची नळी दुसऱ्या हातात धरली की काम झपाट्याने होते. क्लेरमाँटच्या परिसरात आपल्या ओळखीचे गाजरगवत माजलेले आहे आणि त्याचे बी धुळीतून, चिखलातून सहज प्रवास करते, त्यामुळे हा सगळा केर पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यातच टाकावा, हिरवळीवर झटकू नये.

आता मूळ दुखण्याकडे येतो. बॅटरी सोडवून झाकली, ड्रॉवर आणि फ्रिजची सरकती फळी बाहेर काढली आणि पाणी सोडले. निचऱ्याची दोन्ही भोके मागच्या कडेला आहेत. पाणी मात्र पुढे धावले आणि कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढे साठून राहिले. तळावर पाणसळ ठेवली, तेव्हा बुडबुडा मागे सरकला, म्हणजे मागची बाजूच उंच होती. मागच्या स्प्रिंगचे पाटे ओझ्याच्या हिशेबाने कडक केलेले आहेत. सामान भरलेले असताना यूट मागे बसते आणि उतार बरोबर मागे येतो, पण सगळे सामान उतरवले की मागचा भाग उचलला जातो. आपण कॅनोपी धुतो ती नेहमी रिकामी करूनच, त्यामुळे भोके जिथे हवीत तिथे धुण्याच्या वेळी ती कधीच नसतात.

यूट चढाच्या दिशेने तोंड करून उभी केल्याबरोबर पाणी खळखळून मागे गेले आणि ते पाहून फार समाधान वाटले. तरीही ड्रॉवरच्या आडव्या पट्टीपाशी पाण्याची एक रेघ राहिलीच. ती पट्टी तळाला सीलंटने चिकटवलेली असल्याने बांधासारखी पाणी अडवत होती. सीलंट खरवडल्यावर खाली ओल्या धुळीचा थर निघाला आणि त्याखाली ॲल्युमिनियमवर पांढरी, पिठूळ बुरशी दिसावी तसे गंजाचे ठिपके होते. ते नायलॉनच्या पॅडने घासून काढले. इथे लोखंडी घासणी वापरू नये, कारण तिचे कण धातूत रुतून नवा गंज सुरू करतात. पट्टी आता 5 मिलिमीटरच्या नायलॉन चकत्यांवर उचलून बसवली आहे आणि स्टेनलेस बोल्टना ॲल्युमिनियमपासून अलग ठेवणारी पेस्ट लावली आहे.

पुढच्या कोपऱ्यात भोक पाडून डकबिल व्हॉल्व्ह (पाणी फक्त बाहेर सोडणारी रबरी झडप) बसवण्याचा बेत होता. हे लिहिता लिहिताच तो बदलतो आहे, कारण त्याच्या रबरी ओठांत वाळूचा एखादा कण अडकला तरी तोंड उघडे राहील आणि तिथूनच धूळ आत येईल. त्यापेक्षा लहान बोटींच्या तळाला असतो तसा आट्यांचा ड्रेन प्लग उत्तम. धुताना उघडावा, एरवी घट्ट बंद. तो प्लास्टिकचाच घेणार आहे, कारण पितळ ॲल्युमिनियमला लागून ओले राहिले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते. अशा वस्तूंसाठी फोर-बाय-फोरच्या दुकानांपेक्षा बोटींचे सामान विकणारी दुकाने मला अधिक भरवशाची वाटतात.

नोव्हेंबरमधली वादळी पावसाची झोड सुरू होण्याआधी हे उरकायचे आहे, म्हणून छतावरचा प्रेशर व्हेंट (आतला हवेचा दाब वाढवून धूळ रोखणारा झरोका) बसवणे पुढे ढकलले आहे. त्या कोपऱ्याच्या अगदी खालून चॅसिस आणि वायरिंग जाते. म्हणून टोयोटा हायलक्सच्या ट्रेवर कुणी असा प्लग बसवला असल्यास भोक कडेपासून किती आत घेतले, ते जरूर कळवावे.