तुम्ही विचारलंत म्हणून: नवा गायक जुन्यासारखा का गात नाही?

आमच्या बँडचा कार्यक्रम संपल्यावर मी, म्हणजे गिटारवाला, वायरी गुंडाळत बसलेलो असतो, तेव्हा कुणीतरी जवळ येतं. नवा अल्बम आवडला म्हणून सांगतं. मग आवाज जरा खाली येतो आणि खरा प्रश्न येतो: "पण हा नवा गायक जुन्यासारखा का नाही गात?" काहीजण त्यापुढे जाऊन विचारतात, की मग बँडचं नाव तरी तेच का ठेवलंत. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. नाव पाचजणांचं होतं, त्यातले चार अजून तिथेच उभे आहेत. पहिल्याला मात्र वेळ लागतो, वायरी गुंडाळता गुंडाळता ते सांगून होत नाही.

तर, तो जुन्यासारखा गात होता. चांगला दीड महिना गात होता. आम्हीच गायला लावलं होतं.

जुना गायक गेला त्यात भांडण वगैरे काही नव्हतं. घर, नोकरी आणि तालमी या तिन्हींतलं काहीतरी एक सोडणं त्याला भाग होतं, आणि जे सोडता येण्यासारखं होतं ते त्यानं सोडलं. तेव्हा नव्या अल्बमची तीन गाणी तयार होती. तालमीत केलेल्या कच्च्या रेकॉर्डिंगवर त्याचाच आवाज होता. नवा मुलगा चाचणीला आला तो आमचंच एक जुनं गाणं बसवून आला, आणि असं हुबेहूब गायला की आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. सुटलो, असं वाटलं. खरं तर तिथेच सावध व्हायला हवं होतं.

कारण हा खेळ मोठमोठ्यांनी खेळून झालाय. गायक रॉब हॅलफर्ड बँड सोडून गेल्यावर जूडास प्रीस्ट या हेवी मेटल बँडनं १९९६ मध्ये टिम 'रिपर' ओवेन्सला घेतलं. हा माणूस त्यांचीच गाणी वाजवणाऱ्या एका ट्रिब्यूट बँडमध्ये गायचा. त्याच्याबरोबर १९९७ मध्ये 'जुगुलेटर' आणि २००१ मध्ये 'डिमॉलिशन' असे दोन अल्बम झाले, आणि २००३ मध्ये हॅलफर्ड परत आला. माझं मत विचाराल तर ओवेन्सच्या गळ्यात काडीचीही कमी नव्हती. पण तुमची जुनी गाणी बिनचूक गातो म्हणून माणूस घेतलात, की नव्या गाण्यांत त्याच्याकडून काय हवंय याचा विचारच राहून जातो. आमचंही तेच झालं. आमच्या हातात तयार तीन गाणी होती, त्यात फक्त आवाज भरायचा होता.

तिसऱ्या गाण्याचा कोरस वर जातो. जुना तिथे आरामात पोचायचा, वर बसून इकडेतिकडे बघायचा. नवाही पोचत होता, पण फळीवरचा डबा काढायला माणूस चवड्यांवर उभा राहतो तसा. डबा हाताला लागायचा, पण बघणाऱ्याचं लक्ष त्याच्या थरथरणाऱ्या पायांकडे. सात टेक झाले. सातव्यानंतर आमचा ड्रमर म्हणाला, "मिमिक्री झकास करतो पण." तेव्हा गायकाच्या कानात आमचं बोलणं पोचवणारं टॉकबॅकचं बटण दाबलेलं राहिलं होतं. काचेपलीकडे नव्या मुलानं हेडफोन काढला, स्टँडवर नीट टांगला आणि म्हणाला, "मला एकदा माझ्या पट्टीत गाऊ द्या. मग हाकला हवं तर."

आता त्याची पट्टी म्हणजे आमच्यापेक्षा पूर्ण एक स्वर खाली. आम्ही गिटारी 'ई'वरून 'डी'वर उतरवल्या. ऐकायला सोपं वाटतं. तारा सैल पडल्या, आणि तळव्यानं दाबून मारायची रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी धून, घट्ट बसायच्या ऐवजी लडबडायला लागली. मग तारांचा दहाचा संच काढून जाड, अकराचा चढवला, गिटारच्या मानेचा बाक परत बसवला, प्रत्येक तारेचा सूर बाराव्या पडद्यावर तपासून घेतला. दोन दिवस त्यात गेले. एवढं करून तो गायला, स्वर अगदी आरामात लागले, आणि गाणं तरीही पडलं. का पडतंय ते कुणालाच सांगता येईना.

ते मला एका रात्री कळलं, तेही भलतंच काही शोधताना. जुन्या अल्बमच्या एका गाण्यातला आवाज बंद करून मी नुसत्या गिटारी ऐकत होतो. दर दोन मात्राचक्रांनंतर माझा उजवा हात किंचित थांबत होता. अगदी अर्ध्या ठोक्याची फट. दुसरं गाणं लावलं, तिथेही फट. तिसऱ्यातही. मग आवाज परत सुरू केला आणि लक्षात आलं, की त्या प्रत्येक फटीत तो श्वास घेत होता. नऊ वर्षं मी रिफ लिहितोय असं मला वाटत होतं, आणि नऊ वर्षं मी एका माणसाच्या फुप्फुसांची साथ करत होतो. नव्या मुलाची ओळ लांब असते. तो ठोक्याच्या जरा मागून शिरतो आणि ओळ ओढत पुढच्या मात्रांत नेतो. माझी फट बरोबर त्याच्या ओळीच्या मधोमध यायची, जणू बोलता बोलता कुणी दिवा मालवावा.

इथे ब्लॅक सॅबथ या बँडचं उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही. १९७० चं 'आयर्न मॅन' आठवा. गिटारची रिफ जशी चालते, गायक ऑझी ऑझबर्न त्याच स्वरांवरून गातो. ते गाणं तसंच हवं, त्यातच त्याचं वजन आहे. १९७९ मध्ये ऑझी बँडमधून गेला आणि त्याच्या जागी रॉनी जेम्स डिओ आला. त्यांचा गिटारवाला टोनी आयोमीनं पुढे सांगितलं, की ऑझी रिफबरोबर गायचा आणि डिओ रिफच्या आरपार. त्यामुळे आयोमीची लिहिण्याची रीतच बदलली. १९८० मध्ये 'हेवन अँड हेल' हा अल्बम आला, त्याच नावाच्या गाण्यात कडवं सुरू होताच मोठी रिफ बाजूला होते, बेस चालत राहतो आणि डिओ त्या मोकळ्या अंगणात गातो. ते गाणं मी शेकडो वेळा ऐकलं असेन. गिटारवाल्यानं तिथे हात आवरलाय हे मात्र मला त्या रात्री पहिल्यांदा ऐकू आलं. रिफ थांबवायला केवढं धाडस लागतं हे गिटार न वाजवणाऱ्याला सांगून पटायचं नाही.

ती तिन्ही गाणी आम्ही टाकून दिली. एकाचा कोरस वाचला, तोही कडव्यात गेला.

मग आली जागेची भानगड. जुन्याचा आवाज बारीक, धारदार, वरचा. गिटारी कितीही गरजल्या तरी तो त्यांच्या डोक्यावरून निघून जायचा. नव्याचा आवाज भरीव आणि मधला. डिस्टॉर्शन लावलेल्या, म्हणजे आवाज मुद्दाम फाडलेल्या, गिटारी नेमक्या त्याच मधल्या पट्ट्यात ठाण मांडून असतात. शिवाय दोघेही गिटारवाले प्रत्येक रिफ दोनदा वाजवतो, एक डावीकडे, एक उजवीकडे. म्हणजे खोली एक आणि भाडेकरू पाच. पहिल्या मिक्समध्ये तो गोधडीखालून गातोय असं वाटलं. त्याला वर काढलं तर बँड खेळण्यातला वाटायला लागला. शेवटी उपाय एकच निघाला: माझा गेन, म्हणजे गिटारचा आवाज फाडण्याचा जोर, कमी करायचा. हे मला सांगायला बाकीच्यांनी तीन दिवस धीर गोळा केला म्हणे. मी दोन दिवस फुरंगटून बसलो आणि मग केला. आणि गंमत बघा, गेन उतरवल्यावर रिफ जास्त जड लागली, कारण आता प्रत्येक तारेवरचा आघात वेगळा ऐकू येत होता. आधी नुसताच धूर होता.

तुम्हाला जो फरक सगळ्यात जास्त खटकतो, तो बहुधा डबलिंगचा. जुना एकच ओळ दोनदा गायचा आणि दोन्ही टेक केसासारखे एकावर एक बसायचे. त्यानं आवाज जाड होतो, चकाकतो. नव्याकडून आम्ही तेच करून घेतलं. पण तो कुठलीही ओळ दोनदा सारखी गात नाही. एकदा शेवटचा शब्द लोंबकळवेल, एकदा तोडेल. एकावर एक ठेवले की चिखल. आमच्या रेकॉर्डिस्टनं एक बाजू बंद केली, मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाला, "एकच ठेवूया." त्यामुळे या अल्बमवर बहुतेक ठिकाणी एकच आवाज आहे, उघडा. तुम्ही म्हणता काहीतरी रिकामं वाटतं, ते हेच. तुमचे कान बरोबर आहेत. आम्ही ते मुद्दाम ठेवलंय.

हा रेकॉर्डिस्ट स्वरासाठी कधी टेक परत घेत नाही, ओळीच्या अर्थासाठी घेतो, आणि त्यात छळतो. अशी माणसं या धंद्यात आधीपासून आहेत. 'हेवन अँड हेल'चा निर्माता मार्टिन बर्च, दोन वर्षांनी तोच आयर्न मेडनच्या 'द नंबर ऑफ द बीस्ट'वर होता. गायक पॉल डिॲनोच्या जागी ब्रूस डिकिन्सन आलेला, त्याचा मेडनबरोबरचा पहिलाच अल्बम. शीर्षकगीताच्या सुरुवातीच्या हळू ओळी बर्चनं त्याच्याकडून कित्येक तास पुन्हा पुन्हा गाऊन घेतल्या, असं डिकिन्सननं स्वतः सांगितलंय. त्या ओळींनंतर येणारी ती किंकाळी त्या वैतागाचीच. आणखी एक मजा म्हणजे, आधीच्या बँडच्या कराराच्या कटकटीमुळे त्या अल्बमच्या गीतकारांत डिकिन्सनचं नाव कुठेच नाही. आमच्याकडे करार वगैरे नव्हते, पण पहिल्या मसुद्यात गाणी लिहिणाऱ्यांत नव्याचं नाव घालायला आम्हीही विसरलो होतो. त्यानं आठवण करून दिली नाही. बेसवाल्यानं दिली. अजून लाज वाटते.

किती वेळ लागला तेही विचारलं जातं, आणि विचारणारे एसी/डीसी या बँडचा दाखला देतात. त्यांचा गायक बॉन स्कॉट १९ फेब्रुवारी १९८० ला वारला, आणि ब्रायन जॉन्सनला घेऊन 'बॅक इन ब्लॅक' त्याच वर्षी २५ जुलैला बाजारात. पाच महिने! आम्हाला चौदा लागले. यावर माझ्याकडे काही बोलायला नाही. ते एसी/डीसी आहेत.

राहिली कार्यक्रमातली जुनी गाणी. इथे माझं थोडं कठोर मत आहे. डिकिन्सननंतर ब्लेझ बेली मेडनमध्ये गायला आला तेव्हा १९९५ चा 'द एक्स फॅक्टर' त्याच्या खालच्या, काळोख्या आवाजाला शोभणारा होता. त्यातलं 'साइन ऑफ द क्रॉस' पुढे डिकिन्सनही गायला. पण रोज रात्री त्याच ब्लेझला डिकिन्सनची उंच गाणीही म्हणावी लागायची, आणि लोक त्याचा हिशेब ठेवायचे त्या गाण्यांवर. एखाद्याला दुसऱ्याचे कपडे घालून रंगमंचावर उभं करायचं आणि वर म्हणायचं, बाही आखूड दिसते. म्हणून आम्ही जुन्यांतली सहा गाणी उतरवून नव्यानं बसवली, माझ्या फटी बुजवून. त्यातली चार तर आता मला जास्त आवडतात.

सातवं काही केल्या बसेना. त्याच्या शेवटी जुना एक स्वर आठ मात्रा धरून ठेवायचा आणि आम्ही सगळे त्याच्याकडे बघत थांबायचो. खालच्या पट्टीत घेऊन पाहिलं, कोरसमध्ये सगळ्यांनी मिळून गाऊन पाहिलं, एकदा तर तो स्वर गिटारवर वाजवून पाहिला. नवा म्हणाला, "हे त्याचं आहे, राहू दे." तेव्हापासून ते यादीत नाही. तुम्ही मागच्या रांगेतून दर वेळी त्याचीच फर्माईश करता. ऐकू येतं आम्हाला.