किलिंडिनीच्या धक्क्यावर पुस्तकांचे जहाज

जहाज धक्क्याला लागले की पुस्तकविभागात आमचे पहिले काम असे ते दोऱ्या सोडण्याचे. भर समुद्रात जहाज डोलू लागले तर हजारो पुस्तके जमिनीवर यायची, म्हणून प्रत्येक प्रवासाआधी मांडण्या दोऱ्या-पट्ट्यांनी आवळून ठेवाव्या लागतात. केनियातल्या मोम्बासाच्या किलिंडिनी बंदरात आमची 'लोगोस होप', म्हणजे बंदरोबंदरी पुस्तके घेऊन जाणारी स्वयंसेवकांची ख्रिस्ती बोट, उभी राहिली त्या सकाळी मी आणि माझी बारा वर्षांची लेक गुडघ्यांवर बसून खालच्या फळ्यांच्या गाठी सोडवत होतो आणि दमट हवेमुळे गच्च बसलेली एकेक गाठ सुटायला पाच-पाच मिनिटे घेत होती.

आम्ही चौघे नगरचे. माझे पती इलेक्ट्रिशियन असल्याने त्यांना इंजिनविभागात काम मिळाले, मला पुस्तकविभागात, आणि मुले जहाजावरच्याच शाळेत जाऊ लागली. तिथले शिक्षकही आमच्यासारखेच स्वयंसेवक. या जहाजावर कप्तानापासून भांडी घासणाऱ्यापर्यंत कोणालाही पगार नाही. प्रत्येक जण आपल्या खर्चाची तजवीज चर्चची मंडळी, नातेवाईक आणि मित्र यांच्या मदतीने करून येतो. दोन वर्षांसाठी घर बंद करून निघताना सासूबाईंनी एवढेच विचारले होते, "पोरांच्या जेवणाचं काय?" जेवण पोटभर मिळाले. सातव्या वर्षात असलेल्या धाकट्याला मात्र पहिले दोन महिने वरणभाताची आठवण येऊन रात्री रडू यायचे, आणि त्यावर आमच्याकडे त्याला जवळ घेऊन निजवण्यापलीकडे उपाय नव्हता.

जहाजाचा इतिहास मला तिथे गेल्यावरच नीट कळला. 1973 साली 'गुस्ताव्ह वासा' या नावाने बांधलेली ही फेरीबोट पुढे 'नोरोना' झाली. 2004 मध्ये ती पुस्तकसेवेसाठी विकत घेतली गेली आणि दुरुस्ती-फेरबदल होऊन 2009 मध्ये कामाला लागली. जिथे पूर्वी प्रवाशांच्या मोटारी उभ्या राहत, त्याच डेकवर आज सुमारे पाच हजार प्रकारची पुस्तके मांडलेली असतात. या सेवेतले पहिले जहाज 'लोगोस'. ते 1970 मध्ये घेतले गेले आणि पुढच्याच वर्षी हिंदुस्थानाकडे निघाले. 1988 च्या जानेवारीत चिलीच्या दक्षिण टोकाजवळ ते खडकांत रुतले, पण जहाजावरचा एकूण एक माणूस वाचला. सुरक्षेच्या कवायतीला लाइफजॅकेटचे बंद आवळताना मला दर वेळी त्या रात्रीची आठवण व्हायची, आणि मी मुलांचे बंद पुन्हा एकदा ओढून पाहायची.

ख्रिस्ती पुस्तके आमच्याकडे अर्थातच असतात आणि ती द्यावीत म्हणूनच आम्ही घराबाहेर पडलो. तरी विज्ञान, पाककृती, शब्दकोश आणि मुलांची चित्रपुस्तके यांच्या मांडण्याही तितक्याच भरलेल्या असतात. मला यात कधी विसंगती वाटली नाही. 1842 साली आमच्या नगरातून 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक निघाले, तेव्हापासून आमच्या घराण्यांत प्रार्थना आणि अक्षरओळख एकत्रच नांदत आली आहेत.

मोम्बासात भाषेने आम्हांला लगेच आपलेसे केले. स्वाहिलीत पुस्तकाला 'किताबु' म्हणतात आणि दुकानाला 'दुका', हे कळल्यावर धाकटा जिन्यापाशी उभा राहून येईल त्याला "करीबु, करीबु" (या, या) म्हणत या दोन शब्दांवर दिवसभर काम भागवू लागला. सुट्टीच्या दिवशी आम्ही पोर्तुगिजांनी 1593 मध्ये बांधायला घेतलेला फोर्ट जीझस पाहिला. या किल्ल्याचा कारभार एकेकाळी गोव्याहून चाले, हे वाचून लेक म्हणाली, "आई, म्हणजे इथली जहाजंही आपल्याच किनाऱ्याकडे जायची!"

मुक्कामाच्या शेवटून दुसऱ्या दिवशी आलेले एक शिक्षक मात्र माझ्या कायमचे लक्षात राहिले आहेत. आमच्या पुस्तकांवर किंमत 'युनिट'मध्ये छापलेली असते आणि त्या देशाच्या चलनात तिचा हिशेब कसा करायचा, त्याचा तक्ता भिंतीवर असतो. शिक्षकांनी तो तक्ता वहीत उतरवून घेतला, आणि मग पुस्तकाचे चित्र किंवा मलपृष्ठ न पाहता ते मधोमध उघडून पाठीच्या घडीत बोट घालू लागले. ते काय शोधत आहेत, हे मला तत्काळ उमगले. माझे वडील बाइंडर होते. दाभण, खळ आणि पुठ्ठे यांच्या वासातच मी वाढले, आणि फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, दोऱ्याने शिवलेले टिकाऊ पुस्तक व नुसते डिंकाने चिकटवलेले पुस्तक यांतला फरक मला अंधारातही कळतो. मी विज्ञानाचे एक शिवलेले पुस्तक काढून त्यांच्यापुढे धरले. त्यांनी पाने दोन्ही बाजूंना ताणून पाहिली, दोरा दिसताच मान हलवली आणि किती प्रती आहेत, असे विचारले. माझ्याजवळ मांडणीवर नऊ होत्या. दोन तरुण सहकाऱ्यांनी तळघरातल्या साठ्यातून आणखी अकरा वर आणल्या. चाळीस मुलांच्या वर्गात दोघांत एक पुस्तक, असा त्यांचा हिशेब होता. सोबत आणलेल्या केकताडाच्या दोरीने त्यांनी दहा-दहाचे दोन गठ्ठे बांधले, आणि कोपऱ्यांना पाने दुमडू नयेत म्हणून माझ्याकडून रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा मागून घेतला. वडील नेमके असेच पुठ्ठे लावत.

धाकट्याने एक गठ्ठा उचलण्याचा हट्ट धरला. गठ्ठा त्याला पेलवेना, तेव्हा शिक्षकांनी दोरीचे एक टोक त्याच्या हाती दिले आणि दोघे सावकाश जिना उतरून धक्क्यावर गेले.

दुसऱ्या रात्री निघण्याआधी आम्ही पुन्हा दोऱ्या घेऊन बसलो. विज्ञानाच्या फळीवर वीतभर जागा मोकळी झाली होती. तशीच सोडली असती तर उरलेली पुस्तके लाटांनी घसरली असती, म्हणून लेकीने तिथे शब्दकोश दाटून बसवले आणि मी दोरी आवळली.