खोगिरावरची उशी

चित्रकाराला प्रेरणा मिळते म्हणजे नेमके काय होते, असा विचार मनात आला की मला थॉमस मोरॅनच्या खोगिरावरची उशी आठवते. अमेरिकेच्या पश्चिमेकडील यलोस्टोनवरच्या एका लेखासाठी मासिकाने त्याच्याकडून चित्रे करून घेतली, तेव्हा त्याने तो प्रदेश पाहिलेलाही नव्हता. दुसऱ्यांच्या ओबडधोबड रेखाटनांवरून त्याने काम भागवले. न पाहिलेले आपल्या हातून उतरले, ही टोचणी त्याला लागली असावी, असा माझा आपला तर्क. १८७१ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, उसने पैसे घेऊन हा किडकिडीत गृहस्थ फर्डिनंड हेडन यांच्या सरकारी पाहणी पथकाबरोबर निघाला. घोड्यावर तो त्याआधी कधी बसला नव्हता. म्हणून ती उशी.

सोबतचा विल्यम हेन्री जॅक्सन काचेच्या जड प्लेटांवर यलोस्टोनच्या दरीची छायाचित्रे घेत होता, पण त्यांत रंग नव्हता. गंधकासारखे पिवळे, मध्येच गेरूने सारवल्यासारखे तांबूस कडे मोरॅनने जलरंगात टिपले आणि रेखाटनांवर रंगांच्या नोंदी करून ठेवल्या. परतल्यावर सुमारे सात फूट उंच, बारा फूट रुंद कॅनव्हासवर त्याने ती दरी रंगवली. मात्र कडे सोयीने इकडचे तिकडे केले, कारण त्याला नकाशा काढायचा नव्हता, मनावर उमटलेला ठसा उतरवायचा होता. मार्च १८७२ मध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झाले, त्यात या दोघांच्या चित्रांचा मोठा हातभार होता, आणि त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने तो कॅनव्हास दहा हजार डॉलरला विकत घेतला.

डोंगर निदान जागेवर तरी थांबतो. जनावर थांबत नाही. जर्मनीत जन्मलेला, प्राण्यांची चित्रे काढणारा कार्ल रंगियस १८९५ मध्ये अमेरिकेतल्या वायोमिंगला गेला, आणि शिकार केलेले जनावर दोरांनी बांधून, जिवंत असल्यासारखे उभे करून त्याचा अभ्यास करू लागला. हे कळल्यावर त्याच्या मूस या थोराड हरणाच्या चित्रांकडे मला काही दिवस नीट पाहवेना. तरीही खांद्याचा तो उंचवटा आणि मानेखालची लोंबती झालर त्याने इतक्या मायेने रंगवली आहे की त्याला नुसता शिकारीही म्हणवत नाही.

मोरॅन पुढे सही करताना आपल्या टी आणि एम या आद्याक्षरांच्या मध्ये यलोस्टोनचा वाय घालू लागला.