आमची वाटचाल : प्रतापनगरच्या टपरीपासून

आजोबा बडोद्याच्या गायकवाडांच्या नॅरोगेज रेल्वेत, शहरातल्याच प्रतापनगरच्या वर्कशॉपात फिटर होते. त्यांचा स्टीलचा कॅलिपर आणि मार्किंगच्या निळीची चपटी डबी आजही आमच्या टायर-रिमच्या दुकानात काउंटरमागच्या खणात आहे. डबीतली निळ कधीच वाळून गेली, आम्ही नवी आणतो. पण वापरायची रीत त्यांचीच. ती दुकानात परत कशी आली, ते पुढे सांगतो.

बाबांनी नोकरी धरली नाही. वर्कशॉपच्याच रस्त्यावर पंक्चरची टपरी टाकली : हातपंप, पाण्याची परात, टायर काढायच्या दोन पट्ट्या. ट्रक, टेम्पो, अॅम्बेसेडर, जे येईल ते. मी शाळेतून आल्यावर ट्यूब परातीत फिरवून बुडबुडे शोधायचो. बाबांनंतर मी दुकान वाढवलं आणि कर्ज काढून कॉम्प्युटर अलाइनमेंटचं, म्हणजे चाकांचे कोन जुळवायचं, मशीन आणलं. पहिली दोन वर्षं हप्ते भरताना जीव मेटाकुटीला आला. मग 2004 मध्ये अहमदाबादचा एक्स्प्रेसवे सुरू झाला आणि चित्र पालटलं. शहरातल्या मांडवीच्या गर्दीत चाळीसच्या वेगाने जाणाऱ्याला चाकातला असमतोल जाणवत नाही. तीच गाडी शंभरवर गेली की स्टिअरिंग हातात थरथरतं. लोक अहमदाबादहून परत येऊन थेट आमच्याकडे बॅलन्सिंगला यायला लागले.

खाली बसवलेली पहिली गाडी आणली ती कलाभवन कॉलेजात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या एका मुलाने. गाडीची उंची कमी करणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग टाकून झाल्या होत्या, मॅगव्हील, म्हणजे अलॉयचे रिमही, त्यानेच कुठून तरी विकत घेतले होते. "काका, फक्त बसवून द्या." मी बसवून दिले. उभी गाडी फार देखणी दिसत होती. रात्री तो तीन मित्रांना घेऊन फिरायला निघाला आणि पहिल्याच स्पीडब्रेकरवर मागचे दोन्ही टायर मडगार्डच्या कडेला घासले. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर टायरच्या खांद्यावर सुरीने कापावा तसा गोल चरा. टायर नवे होते. पैसे मी परत केले, कारण बसवणारा हात माझा होता.

तेव्हापासून आधी माप, मग माल. आमच्याकडे येणाऱ्याला मी हे खडूने फळ्यावर काढून दाखवतो. समजा मूळ रिम 6 इंच रुंद आहे आणि ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून ते हबला (चाक जिथे बसतं त्या भागाला) टेकतं तिथपर्यंतचं अंतर, 45 मिलिमीटर. नवीन घेतलं 7 इंची, ऑफसेट 35. गिऱ्हाईक म्हणतं, एका इंचाचाच तर फरक. पण रुंदीचा अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर, बाहेर जातो; ऑफसेट कमी झाल्याने आणखी 10 मिलिमीटर बाहेर. एकूण 22.7. आतल्या बाजूला मात्र जेमतेम 2.7 मिलिमीटर वाढतात. मूळ उंचीवर हे कदाचित खपून जाईल. गाडी 40 मिलिमीटर खाली आणली असेल तर तोच टायर आर्चच्या, म्हणजे चाकावरच्या कमानीच्या, ओठाखाली जाऊन बसतो.

टायरची उंचीही अशीच मोजायची. स्विफ्टचा 185/65 आर 15 घ्या, म्हणजे रुंदी 185 मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या 65 टक्के, रिम 15 इंची : एकूण व्यास सुमारे 621 मिलिमीटर. सोळा इंची रिमवर 195/55 घातला तरी व्यास तेवढाच, त्यामुळे स्पीडोमीटर खोटं बोलत नाही. पण टायरवरचा भारांक वाचायचा. 88 म्हणजे एका टायरला 560 किलो, 87 म्हणजे 545. मूळ टायरपेक्षा कमी भारांकाचा टायर मी लावत नाही, कितीही स्वस्त मिळो.

आता निळीची गोष्ट. काही वर्षांपूर्वी आम्ही एका फोक्सवॅगन पोलोला बाहेरचे अलॉय बसवले. या गाडीला नट नसतात, बोल्ट असतात, आणि मूळ बोल्टचं बूड गोल, चेंडूसारखं असतं. नव्या अलॉयची बैठक मात्र शंकूसारखी होती. आमच्या पोऱ्याने जुनेच बोल्ट घट्ट आवळले, मीही पाहिलं नाही. चौथ्या दिवशी आणंदच्या अलीकडून फोन आला : गाडी हलतेय. मी पाना आणि नवे बोल्ट घेऊन निघालो. नवरा, बायको आणि मागच्या सीटवर झोपलेलं लहान मूल. पुढच्या डाव्या चाकाचे दोन बोल्ट बोटांनी फिरत होते. त्या रस्त्याच्या कडेला गुडघ्यावर बसून मी काय विचार केला, ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.

घरी येऊन आजोबांची डबी काढली. आता बाहेरचं प्रत्येक रिम पहिल्यांदा बसवताना बोल्टच्या बुडाला निळीचा पातळ हात देतो, आवळतो आणि परत काढून बघतो. बैठक जुळत असेल तर निळ सगळीकडे सारखी उमटते. गोल बूड शंकूत बसलं असेल तर केसासारखी एकच निळी रेघ दिसते. त्या रेघेवर आख्खं चाक तोललेलं असतं. शिवाय रिमच्या मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर मापाची रिंग घालतोच. स्विफ्टचा हब 54.1 मिलिमीटरचा, बाजारातल्या पुष्कळ रिमांचं भोक 73.1 चं. शेवटी टॉर्क पाना, पोलोला 120 न्यूटन मीटर, आणि शंभर किलोमीटरच्या आत पुन्हा आवळायला बोलावणं. त्याचे पैसे घेत नाही. जो येत नाही, त्याला माझी मुलगी फोन करते. दुकानाचं अर्धं काम आता तीच बघते.

गाडी खाली आली की अलाइनमेंट बिघडतंच. टायर आतून झिजला की लोक कॅम्बरच्या, म्हणजे चाक समोरून पाहिल्यावर दिसणाऱ्या कलाच्या, नावाने बोटं मोडतात, पण टायर लवकर खातो तो टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकं आत-बाहेर वळलेली असणं. म्हणून स्प्रिंग बसल्यावर चारेकशे किलोमीटर गाडी चालवून मग या, असं सांगतो. स्प्रिंगा दबून जागेवर आल्या की मापं टिकतात.

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी दुकानात शिरलं. मशीनचा खालचा भाग गेला, कॅलिपर वरच्या खणात होता म्हणून वाचला. आता मशीन दोन फुटी ओट्यावर आहे.

काही कामं आम्ही करत नाही. बॉडीबाहेर आलेलं चाक बसवत नाही, अरुंद टायर रुंद रिमवर ताणून चढवत नाही. 195/55 ला 5.5 ते 7 इंचांचं रिम, त्यापुढे नाही. गाडीत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ची बंधनंही आहेत, ती आधी समजावून सांगतो. यामुळे गिऱ्हाइकं दुसरीकडे जातात, जाऊ देत.

रिम घेण्याआधी एकदा गाडी दाखवायला आणा. आम्ही आर्चच्या आत मुलांच्या खेळातली माती चिकटवतो, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवतो आणि समोरच्या स्पीडब्रेकरवरून फेरी मारतो. माती कुठे किती दबली, ते कॅलिपरने मोजतो. येताना एकटे येऊ नका. गाडीत रोज जेवढी माणसं बसतात, तेवढी घेऊन या.